रुमालाखालचा भाव

हळदीच्या चक्कीवर बसणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी न मागता साचतात. एक पिवळी धूळ, आणि दुसरे किस्से. धूळ सकाळी झाडली तरी दुपारी पापणीवर येऊन बसते. किस्स्यांचं तसंच. दळण टाकायला आलेली बाई डबा ठेवते, बाकावर टेकते, आणि "आक्का, कुणाला सांगू नका बरं का" म्हणते. आता मला सांगा, कुणाला सांगायचं नसतं तर माणूस चक्कीवर येऊन सांगेल का?

मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. शाळाच माझ्याकडे दळण घेऊन आली! गुरुजी रांगेत उभे राहिले की मी म्हणायचे, "गुरुजी, ह्या पाकिटावरचं बोट ठेवून वाचून दाखवा, तुमचा डबा आधी लावते." अशी मी अक्षरं गोळा केली. आता पेपर पहिल्या पानापासून बाजारभावापर्यंत वाचते, आणि जिथं पटत नाही तिथं मोठ्यानं बोलते. त्यामुळं माझ्याशी भांडायला लोक एकटे येत नाहीत, सोबत घेऊन येतात.

आमचं गाव लहान. इकडून एसटी हिंगोलीला जाते, तिकडून वसमतला. चक्की माझी, पण तिचा पट्टा चढवणारी, जात्याला टाकी लावणारी आणि मला ओरडणारी रझिया. तिचा नवरा हनीफ समोरच चहा विकतो. म्हणून सुरुवात चहापासूनच करते.

*

एकदा साखर महागली. बातमी सकाळी आली, आणि दहा वाजायच्या आत हनीफचा चहा महागला.

मी म्हटलं, "काहून रे? तुझी साखर तर मागच्या बाजारची हाय."

"आक्का, पुढं आणावी तर लागंल ना!"

बरोबर आहे, म्हटलं. धंदा आहे. पुढं साखर उतरली. मी रोज चहा घ्यायचे आणि रोज विचारायचे, "हनीफ, चहा कधी उतरून राहिला?"

"आक्का, ही जुन्या भावाची साखर हाय. ती तर संपू द्या!"

ते पोतं काही संपेना. द्रौपदीच्या थाळीला लाज वाटावी असं पोतं! आषाढ गेला, श्रावण गेला, पोतं तिथंच. गौरी-गणपतीला साखर पुन्हा चढली, आणि त्याच सकाळी हनीफनं चहा परत वाढवला.

मी तडक समोर गेले. "का रे भाड्या, आता कुठं गेली तुझी जुन्या भावाची साखर?"

हनीफनं गाळणं झटकलं आणि शांतपणे म्हणाला, "आक्का, साखर जुनीच हाय. पण महागाई नवी हाय ना!"

रझिया आतून ओरडली, "ह्याच्याशी मी बावीस वर्षं संसार करून राहिले, आणि तुमी एका चहातच थकल्या!"

*

हनीफ मात्र लहान मासा. मोठा मासा म्हणजे किसनशेठ.

किसनशेठ आधी बैलांचा दलाल. पुढं हळदीत आला. आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतली हळद घ्यायला दुसरं कुणी नाहीच. म्हणजे दोघं आले होते, पण एक त्याचा साडू निघाला आणि दुसरा महिनाभरात साडूसारखा वागायला लागला.

शेठकडे भाव नेहमी "वरून" येतो. माझ्याकडं दळायला येणाऱ्या कौसाची सासू, म्हातारी पण जिभेनं कोवळी, एकदा मुलासोबत वजनकाट्यापाशी गेली. शेठनं हळकुंड मोडलं, वास घेतला, आणि मान हलवली.

"आज्जे, भाव पडला. वरूनच पडला. आमच्या हातात काय हाय?"

म्हातारीनं कपाळावर हात धरून आभाळाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "आत्ताच पडला म्हणता? मंग तुमच्या अंगावर कसा न्हाई पडला? आमच्याच डोक्यात बरा पडते!"

एक मात्र मी पाहून ठेवलंय. हिंगोलीत भाव पडला की शेठच्या फोनवर तो त्याच मिनिटाला येतो. चढला की रेंज जाते.

*

कुणी म्हणेल, मग हिंगोलीला न्या की माल! किंवा वसमतला. हे शहरातल्या पाहुण्यांना फार लवकर सुचतं.

कौसाच्या नवऱ्यानं, नामदेवानं, एकदा ठरवलं तसं. गावात टेम्पो एकच, आणि तो शेठच्या पुतण्याचा. नामदेव गेला, तर पुतण्या म्हणाला, "काका, पंक्चर हाय."

दुसऱ्या दिवशी गेला. पंक्चर. तिसऱ्या दिवशी नामदेव जाईपर्यंत टेम्पो शेठच्या गोदामाकडे भरून चालला होता, गाणं लावून!

नामदेव आडवा झाला. "अरे, हे तर पळून राहिलं!"

पुतण्या म्हणाला, "काका, गोदामाकडं पळते. हिंगोलीच्या रस्त्याला लावलं की हवा जाते."

चाकालासुद्धा दिशा कळते आमच्याकडे. माणसांना वेळ लागतो.

*

नामदेवाचा चुलतभाऊ पुण्याला असतो. दिवाळीला आला तेव्हा कौसाला भेट म्हणून हळदीचं पाकीट घेऊन आला. हळदीच्या गावात हळद! पाकीट मात्र देखणं. वर हिरवं शेत आणि नाकात नथ घातलेली बाई, जिनं जन्मात कधी हळद उकरली नसेल, नखं सांगत होती. मागं लिहिलं होतं की माल मराठवाड्यातल्या निवडक शेतांतला. आणि किंमत अशी की मी चष्मा पुसून पुन्हा वाचली.

मी पाकीट फोडलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं. "कौसे," म्हटलं, "ही आपलीच गं. शिवेवरच्या काळ्या रानातली."

तेवढ्यात म्हातारीनं विचारलं, "कितीला आली?" चुलतभावानं सांगितलं.

म्हातारीनं पाकीट हातात घेतलं, कुरवाळलं, आणि सुनेला म्हणाली, "बघ गं. पोतं होऊन गेली होती. पुण्याला जाऊन शिकून आली, पगार वाढला तिचा! तुझ्या पोरीला बी शिकव."

आम्ही हसलो. पण कौसानं ते खरंच धरलं. थोरली पोरगी, स्वाती, बारावी झालेली. तिला हिंगोलीत नर्सिंगला घालायचं. ॲडमिशन हळद विकून. तेवढं घरात ठरलं, आणि म्हातारी त्या दिवसापासून गावभर "आमची डाक्टरीण" म्हणून सांगत सुटली.

*

आता शेठचा रुमाल. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघं हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात आणि बोटं दाबतात. भावाचा मूळ आकडा सगळ्यांना ठाऊक असतो, त्यावर जितकी बोटं दाबली तितके हजार. बाहेरच्याला काही दिसत नाही, ऐकू येत नाही. शेठनं हीच पद्धत हळदीत आणली. गावातल्या माणसांनाही आवडली. रुमालाखाली हात गेला की माणसाला आपण फार मोठा व्यवहार करून राहिलो असं वाटतं.

नामदेवाचा थोरला भाऊ महादू. कडबा कापायच्या मशीननं त्याच्या उजव्या हाताची करंगळी नेलेली. गेल्या साली महादू माल घेऊन गेला. शेठनं रुमाल टाकला, अंगठा सोडून सगळी बोटं एकदम मुठीत धरली. महादू खुश. चार! माल काट्यावर चढला, गोदामात गेला. हिशेब करताना शेठ म्हणाला, "तीन."

"तीन कसे? तुमी चारी बोटं धरली होती!"

"चार धरायला हायेत कुठं? काढ रुमाल, मोज!"

महादूनं भरबाजारात हात वर केला. सगळ्यांनी मोजलं. शेठ खोटं बोलत नव्हता!

तेव्हापासून गावात कुणाचं नुकसान झालं की म्हणतात, "महादूचा सौदा झाला."

*

त्याच साली दोघा भावांची एक गंमत झाली. महादूची बायको शांता चक्कीवर आली. इकडं तिकडं बघून माझ्या उजव्या कानाला लागली. "आक्का, बोट गेलं ते गेलं, पण शेठनं नंतर मालकाला बाजूला घेऊन सांगितलं, तुझ्या भावापेक्षा तुला जास्तच दिला म्हणून. कौसाला बोलू नका. बिचारीला वाईट वाटंल."

ती गेली आणि कौसा आली. ती डाव्या कानाला लागली. "आक्का, शेठनं ह्यांना गुपचूप भाव वाढवून दिला. भावाला सांगू नको म्हणला. शांताबाईला कळू देऊ नका. आधीच बोट गेलेलं माणूस."

मी दोघींना विचारलं, किती? दोघींनी सांगितलं.

माझ्या दोन्ही कानांत एकच आकडा!

मी तो आकडा तिथंच दळून टाकला. दोघी एकमेकींची कीव करून राहिल्या होत्या, आणि घरात बरेच दिवस फार गोडीनं नांदत होत्या. एवढी किमया मला तरी कुठं जमली असती?

*

शेठची बायको मथुराबाई. गोरी, गोल, मिठ्ठास बोलणारी. तिच्याबद्दल मला एकच कळत नाही. ही बाई भोळी आहे की माझ्या सात पिढ्यांना पुरून उरेल अशी आहे?

एकदा मिरची कांडायला आली होती. बाकावर पाच-सहा बाया, सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. भाव पडला. मथुराबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "आक्का, ह्या भावाचं मला काई समजत न्हाई बघा. भाव पडला की आमच्या घरी नवीन वस्तू येते. मागं पडला तवा फ्रीज आला. त्याच्या आधी पडला तवा सोफा."

मशीन जरा हळू झाल्यासारखं वाटलं.

मथुराबाईनं डबा उचलला आणि जाता जाता म्हणाली, "मला वॉशिंग मशीन पायजे. कधी पडते, कळलं तर सांगा!"

*

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगितलं, की यंदाची गोष्ट सांगायची आहे.

यंदा कौसानं नवऱ्याला सांगून टाकलं, "पयल्या भावाला माल द्यायचा न्हाई. स्वातीच्या ॲडमिशनच्या वक्ताला बघू." हळद शिजवली, वाळवली, पॉलिश केली आणि पोती घरात आणून लावली. घर ते केवढं! म्हातारीची बाज ओसरीत गेली. देवघरापुढं पोती, म्हणून नामदेव पोत्यावर चढून दिवा लावायचा. स्वाती पोत्यांवर बसून फॉर्म भरायची. म्हातारी म्हणायची, "हळदीच्या ढिगावर बसलेली पोरगी पाहून सोयरीक आणतील लोक, फॉर्म लवकर भर!"

आणि ॲडमिशनला पंधरवडा उरला असताना एक पोतं वरून घसरलं ते नामदेवाच्या उजव्या हातावर. मनगटापासून प्लास्टर. बोटांची टोकं तेवढी बाहेर, सुजून वांग्यासारखी.

बाजाराच्या दिवशी तो तसाच काट्यापाशी गेला आणि डावा हात पुढं केला.

शेठ मागं सरकला. "नामदेवा, डाव्या हातानं सौदा? अपशकुन असते बाप्पा. आजवर कुणी केला न्हाई."

"मंग तोंडानं सांगा."

"तोंडानं बैलाचा सौदा होत न्हाई आन हळदीचा बी न्हाई. पाठव घरच्या दुसऱ्या कुणाला."

दुसरा म्हणजे महादू. पण महादूला पाठवायचं म्हणजे एक बोट आधीच शेठला देऊन यायचं! म्हातारीनं साफ नाही म्हटलं.

म्हणून कौसा आली. आमच्याकडे भाजी बाई विकते, अंडी बाई विकते, पण पोत्याचा सौदा बाईनं केलेला कुणी पाहिला नव्हता. कौसा बैलगाडीतून उतरली, पदर सारखा केला आणि काट्यापुढं उभी राहिली. शेठ कुणाशी तरी बोलण्यात गुंग. समोर पोती दिसली, माणूस उभं दिसलं, आणि सवयीनं त्यानं रुमाल झटकून हात पुढं केला.

मी चक्कीच्या पायरीवरूनच ओरडले, "धर, शेठ, धर! भरबाजारात परक्या बाईचा हात धर! मथुराबाई तिकडं कासाराकडं बांगड्या भरून राहिल्या. बोलवू का साक्षीला?"

विंचू चावल्यासारखा शेठनं हात मागं घेतला. सगळा बाजार हसला. रुमाल खाली पडला तो कुणी उचलेना.

कौसा हसली नाही. "शेठ, भाव बोला. मला कान हायेत."

आता शेठची पंचाईत बघा. कमी बोलावा, तर तिकडून हिंगोलीची एसटी येऊन उभी आणि कंडक्टर रोजच्यासारखा दारातून तिथला भाव ओरडून राहिलेला. जास्त बोलावा, तर सकाळपासून ज्यांची बोटं दाबली ते सगळे बाजूलाच उभे! शेठनं पडलेला रुमाल स्वतःच उचलून झटकला. शेवटी म्हणाला, "पुढच्या बाजारी बघू."

पोती परत गाडीत चढली. जाताना कौसा चक्कीपाशी थांबली. पदरानं तोंड पुसलं. "आक्का, पुढच्या बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी पोरीची शेवटची तारीख हाय."

म्हातारी गाडीतून म्हणाली, "रडायचं न्हाई. आमची डाक्टरीण हिंगोलीला जाईल. मी पोत्यासकट पायी नेईन!"

*

तो दिवस मी शेठला शिव्या देण्यात घालवला. सगळ्या संपल्या तेव्हा रझियानं पट्ट्याला तेल देता देता विचारलं, "आक्का, एक बाई आली तर त्यानं परत पाठवली. सगळ्याच बाया आल्या तर?"

"तर?"

"तर तो ट्रकमधी काय भरंल? रुमाल?"

वर्षानुवर्षं मी तिला नुसती पट्टा चढवणारी समजून राहिले होते!

त्या आठवड्यात चक्कीवर दळण थोडं आणि बोलणं फार झालं. शांता आली, तिच्या कानात सांगितलं. कौसा आली, तिच्या कानात सांगितलं. पुढं काही सांगावं लागलं नाही. कानातलं गावात न्यायला आमच्याकडे टेम्पो लागत नाही.

बाजाराचा दिवस उजाडला आणि गावातल्या सगळ्या पुरुषांना एकदम दुखणी लागली. कुणाची कंबर धरली, कुणाला जुलाब, महादूला तर म्हणे नसलेलं बोट ठणकत होतं! काट्यापुढं नुसत्या बाया. डोक्यावर पदर, हात पदराखाली. मागं पोती. सगळ्यांत पुढं कौसा, बाजूला म्हातारी, आणि पोत्यावर स्वाती. शेठचा माल वसमतला नेणारा ट्रक येऊन उभा, ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवून राहिलेला.

किसनशेठ आला. रांग बघितली. मागं पुरुष शोधले. हनीफच्या टपरीत दोन-चार बसले होते, त्यांनी चहात तोंड खुपसलं.

"काय तमाशा हाय हा?" शेठ म्हणाला.

"तमाशा कशाचा?" मी म्हटलं. "आठ दिवसांपूर्वी तुमीच म्हणला होता, घरच्या दुसऱ्या कुणाला पाठव. ह्या सगळ्या घरच्याच हायेत!"

शेठ काही कच्चा नाही. त्यानं घाम पुसला आणि पुतण्याला म्हणाला, "काकूला घेऊन ये." बाईचा हात बाईनं धरला तर कुणाच्या बापाचं काय जातं! मला मनातून मानावंच लागलं. रझिया हळूच म्हणाली, "गेलं आक्का. बसला रुमाल आपल्या डोक्यावर."

मथुराबाई आली. नवी साडी, हातभर बांगड्या. शेठनं तिला बाजूला घेतलं, कानात बराच वेळ सांगितलं, स्वतःची दोन बोटं दाबून दाखवली. तिनं तीनदा मान हलवली. मग ती काट्यापाशी खुर्चीवर बसली, रुमाल पसरला आणि गोड आवाजात म्हणाली, "ये गं कौसा."

कौसानं पदराखालून उजवा हात काढला. रुमालाखाली दिला. ड्रायव्हरनंसुद्धा हॉर्न सोडला. मथुराबाईच्या बांगड्या तेवढ्या रुमालाखाली वाजत होत्या. एकदा वाजल्या, थांबल्या, पुन्हा वाजल्या.

शेठ म्हणाला, "झालं का?"

मथुराबाईनं मान वर केली आणि बांगड्यांच्या कासारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अहो, सकाळी चहा पिताना तुमी मला हिंगोलीचा भाव सांगितला ना, तितकी बोटं एका पंजात मावत न्हाईत. हिचा दुसरा हात बी घेऊ का? डावा चालंल?"

कौसानं पदराखालून डावा हात काढला आणि रुमालाखाली सरकवला.